आश्विनातल्या सोंगणीसाठी आठवड्याचा हवामान अंदाज कसा वाचावा

वऱ्हाडच्या सपाट पट्ट्यात, म्हणजे उत्तरेला सातपुड्यातील गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा यांच्यामध्ये पसरलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात, सप्टेंबर संपता संपता शेतकऱ्यापुढे तीन कामे एकाच वेळी उभी राहतात. सोयाबीन पिवळे पडून पाने गाळू लागते, पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीच्या झाडांवरची, खालची बोंडे फुटू लागतात, आणि सोयाबीन निघाल्यावर त्याच वावरात हरभरा पेरायचा असल्याने जमिनीतली ओल किती दिवस टिकेल याचा हिशेब डोक्यात सुरू होतो. तिन्ही कामांना हवामानाकडून वेगवेगळे हवे असते. सोयाबीनला सलग कोरडे दिवस हवेत, कापसाला कोरडी दुपार हवी आणि हरभऱ्याला एखादा बेताचा पाऊस चालतो. म्हणून या दिवसांत आठवड्याचा अंदाज हातात घेऊन ‘पाऊस आहे की नाही’ एवढेच विचारून भागत नाही. सोंगलेले, म्हणजे विळ्याने कापून ठेवलेले, सोयाबीन वाळून, गोळा होऊन, मळणी होऊन पोत्यात जाईपर्यंत जे चार-पाच कोरडे दिवस लागतात, ते या आठवड्यात सलग मिळतात का, आणि मिळत असतील तर कोणत्या वारापासून मिळतात, हे विचारावे लागते. अंदाजातील शब्द आणि आकडे या एका प्रश्नाला धरून कसे वाचावेत, ते पुढे सांगत आहे.

परतीच्या तारखेची वाट पाहू नये

भारतीय हवामान विभागाने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार नैऋत्य मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास माघार घेऊ लागतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून निघून जातो. वऱ्हाडातून तो साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. ही माघार जाहीर करण्यासाठी विभाग काही गोष्टी तपासतो. सलग पाच दिवस पाऊस थांबलेला असावा, हवेतील बाष्प लक्षणीय कमी झालेले असावे आणि वायव्य भारतावर हवेच्या खालच्या थरांत वाऱ्यांचे प्रतिचक्राकार, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, फिरणे सुरू झालेले असावे, असे त्याचे निकष आहेत. यावरून शेतकऱ्याने एक गोष्ट ओळखली पाहिजे. माघारीची घोषणा ऐकू येते तेव्हा कोरडे दिवस सुरू होऊन काही काळ लोटलेला असतो. घोषणेनंतरच सोंगणीला मजूर बोलवू असे ठरवणाऱ्याच्या हातून चांगले चार-पाच दिवस निघून जातात, आणि पुढे मजूर मिळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट अशी की, माघार झाली म्हणजे पाऊस संपला असेही होत नाही. ऑक्टोबर हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे आणि चक्रीवादळे तयार होण्याच्या ऐन हंगामातला महिना आहे, आणि त्यांतली काही जमिनीवर चढून थेट आपल्या दिशेने येतात. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

नक्षत्रांचा हिशेब मानणाऱ्यांसाठीही थोडे सांगितले पाहिजे. २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त, १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा आणि २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती नक्षत्र लागते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण रब्बीच्या पिकांसाठी खरी आहे, पण फुटलेल्या कापसावर तोच पाऊस पडला तर पांढऱ्या कापसाची कवडी होते, म्हणजे तो डागाळून खराब होतो. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या चालीवर बांधलेली असल्याने ती दरवर्षी त्याच तारखांना येतात. त्यामुळे हंगामाचा स्वभाव त्यांवरून कळतो, मात्र येत्या मंगळवारी काय होईल हे कळत नाही. त्यासाठी अंदाजाचा कागदच उघडावा लागतो.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे तुरळक पाऊस नव्हे

अंदाजातील सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा शब्द हाच आहे. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द पाऊस किती पडेल हे सांगत नाहीत, तर किती जागी पडेल हे सांगतात. त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी, २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर काही ठिकाणी, ५१ ते ७५ टक्के असेल तर बऱ्याच ठिकाणी आणि त्याहून अधिक असेल तर बहुतांश ठिकाणी, असा त्यांचा अर्थ ठरलेला आहे. पाऊस किती पडेल हे सांगणारे शब्द वेगळे आहेत. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम, ६४.५ ते ११५.५ म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि त्याच्या पुढे अत्यंत जोरदार. ‘तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस’ असे लिहिलेले असेल तेव्हा बहुतेक गावे कोरडी राहतील, पण ज्या थोड्या शिवारांवर ढग फुटेल तिथे साठ मिलिमीटरही पडू शकतील, असे त्यातून समजायचे.

मी हे नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी हस्ताच्या शेवटच्या दिवसांत तीन एकरांचे सोयाबीन सोंगून पडले होते आणि अंदाज ‘तुरळक ठिकाणी’चा होता. मी तो शब्द पावसाला लावला, गोळा करण्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकले आणि ताडपत्री घरीच राहू दिली. संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या शिवारावर चाळीस मिनिटे पाऊस झाला आणि रस्त्यापलीकडच्या शिवारात धूळसुद्धा दबली नाही. चौथ्या दिवशी शेंग उघडली तेव्हा आतल्या दाण्याला पांढरा कोंब दिसत होता. अंदाज बरोबर होता, मी तो चुकीचा वाचला होता.

विभागाचे नाव वाचतानाही असेच जपावे लागते. ‘विदर्भ’ या हवामान उपविभागात बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत अकरा जिल्हे येतात आणि त्याची पूर्व-पश्चिम लांबी पाचशे किलोमीटरच्या घरात आहे. उपसागराकडून येणारा पाऊस आधी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या बाजूला पडतो आणि कित्येकदा तिथेच ओसरतो. म्हणून ‘विदर्भात काही ठिकाणी’ हे वाक्य अकोला किंवा अमरावतीच्या शेतकऱ्याने स्वतःसाठी लिहिले आहे असे समजू नये. त्याने जिल्हानिहाय अंदाज आणि त्याखालचा तालुक्याचा तक्ता पाहावा. नकाशावरचे रंगही जिल्ह्याचेच पाहावेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच पाऊल उचला, असा त्यांचा अर्थ आहे.

दिवस मोजण्याची पद्धतही ध्यानात ठेवावी. हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. काल संध्याकाळी पडलेला पाऊस त्यामुळे आजच्या तारखेच्या नोंदीत दिसतो, आणि हे माहीत नसणारा अंदाज एक दिवस चुकला असे म्हणून मोकळा होतो.

तक्त्यातील आकडे एकमेकांशी जुळवून पाहावेत

हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. वऱ्हाडातील शेतीसाठी सल्ला देण्याचे काम अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी जोडलेले आहे, आणि हाच सल्ला ‘मेघदूत’ या अॅपवरही पाहता येतो. त्यातील तक्त्यात पाऊस, कमाल आणि किमान तापमान, सकाळची आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि ढगांचे प्रमाण अशा ओळी असतात. बहुतेक जण पावसाची ओळ वाचून थांबतात. माझ्या मते या पट्ट्यात ऑक्टोबरमध्ये पावसाची ओळ सर्वांत शेवटी वाचावी.

आधी दुपारची आर्द्रता पाहावी. सकाळची आर्द्रता या दिवसांत दव पडत असल्याने बहुधा जास्तच असते, त्यामुळे तिच्यावरून फारसे काही ठरत नाही. दुपारची आर्द्रता मात्र पन्नास-साठ टक्क्यांवरून दोन-तीन दिवसांत पस्तीस-चाळीसपर्यंत उतरताना दिसली, तर हवा खऱ्या अर्थाने कोरडी होत आहे. ती उतरत असताना मध्येच पुन्हा चढू लागली, तर पावसाच्या ओळीत शून्य असले तरी सावध व्हावे.

मग कमाल आणि किमान तापमानातील अंतर पाहावे. हवेत बाष्प आणि आकाशात ढग असतात तेव्हा जमिनीची उष्णता रात्री निसटत नाही आणि हे अंतर आठ-दहा अंशांचे राहते. हवा कोरडी व आकाश निरभ्र झाले की दिवस चौतीस-पस्तीसपर्यंत तापतो, पण रात्र विशीकडे उतरते आणि अंतर चौदा-पंधरा अंशांपर्यंत जाते. पुढच्या पाच दिवसांत किमान तापमान रोज थोडे थोडे उतरताना दिसणे, ही सोंगणीसाठी सर्वांत भरवशाची खूण आहे.

वाऱ्याची दिशा अंशांत दिलेली असते आणि ती वारा जिकडून येतो त्या बाजूची असते. ० किंवा ३६० म्हणजे उत्तर, ९० म्हणजे पूर्व, १८० म्हणजे दक्षिण आणि २७० म्हणजे पश्चिम. आकडे २३० ते २९० यांच्या दरम्यान असतील तर पावसाळी वारा अजून चालू आहे. ते ० ते ६० यांच्या दरम्यान स्थिरावले आणि आर्द्रताही उतरत असेल तर उत्तरेचा कोरडा वारा लागला आहे. आकडे ९० ते १४० या बाजूला वळले आणि ढगांची ओळ वाढू लागली, तर उपसागराकडचे बाष्प ओढले जात आहे असे समजावे. ढगांचे प्रमाण ० ते ८ या मापात असते. ० म्हणजे निरभ्र आणि ८ म्हणजे पूर्ण झाकलेले आकाश.

ही सगळी चिन्हे कोरडी असूनही दुपारी चार वाजता ढग गडगडू शकतो, आणि याला आपली काळी जमीनच कारणीभूत असते. पाऊस थांबल्यावर पहिल्या आठवड्यात या खोल काळ्या मातीत भरपूर ओल असते, त्यावर आश्विनातले कडक ऊन पडते, ओल वाफ होऊन वर जाते आणि दुपारनंतर त्याच शिवारावर ढग उभा राहतो. हे ढग बहुधा तीन ते सात या वेळात बरसून मोकळे होतात. म्हणून पाऊस थांबल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सकाळी कितीही स्वच्छ उघडले असले, तरी सोंगलेले पीक दुपारी तीननंतर उघडे पडणार नाही अशी व्यवस्था ठेवावी.

उपसागराकडे लक्ष

या पट्ट्याचा ऑक्टोबर बिघडवणारा मोठा पाऊस बहुधा पूर्वेकडून येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळ २६ तारखेला आंध्राच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ धडकले, त्याचे अवशेष तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यावर आले आणि पुढच्या दोन दिवसांत मराठवाड्यात पूर आला. ऑक्टोबर २०२० मध्ये काकिनाड्याजवळ १३ तारखेला चढलेला अति तीव्र कमी दाबाचा पट्टा हैदराबादला बुडवून सोलापूर-पंढरपूरपर्यंत पाऊस देत अरबी समुद्राकडे गेला. किनाऱ्यावर चढल्यापासून आपल्यापर्यंत पोहोचायला अशा प्रणालीला साधारण एक ते दोन दिवस लागतात, आणि ती समुद्रात तयार होत असल्याची सूचना त्याच्याही काही दिवस आधी येते. याचा अर्थ असा की, तिच्यासाठी गंजी झाकायला वेळ नक्की मिळतो, फक्त बातमीतील ‘आंध्र’ आणि ‘ओडिशा’ हे शब्द ऐकून ती आपली बातमी नाही असे समजू नये.

किनारा ओलांडल्यावर ती कोणत्या बाजूने जाईल यावर आपला पाऊस ठरतो. ती तेलंगणा-मराठवाड्यातून गेली तर वऱ्हाडावर वारा पूर्वेचा राहतो आणि पाऊस दक्षिणेकडच्या तालुक्यांत जास्त पडतो. ती छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडे वळली तर आपल्याकडे वारा पश्चिमेचा होतो. याची खातरजमा शेतात उभे राहूनही करता येते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर कमी दाबाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला असते. पूर्वेचा वारा पाठीवर घेतला की तोंड पश्चिमेला आणि डावा हात दक्षिणेला येतो, म्हणजे प्रणाली दक्षिणेकडून जात आहे. डोंगर-टेकड्यांच्या गावात हा नियम फसतो. आपल्यासारख्या मोकळ्या, सपाट रानात तो चांगला लागू पडतो.

कोणत्या दिवसावर किती भरवसा ठेवावा

आठवड्यातील पहिले तीन दिवस जिल्ह्याच्या पातळीवर बऱ्यापैकी खरे ठरतात. चौथा-पाचवा दिवस दिशा दाखवतो, आणि सहाव्या-सातव्या दिवसाचा मिलिमीटरचा आकडा वाचण्यापेक्षा तिथे ‘ओल वाढते आहे की कमी होते आहे’ एवढेच पाहावे. हवामान विभागाने मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही सहा किलोमीटरच्या जाळीची, म्हणजे सहा-सहा किलोमीटरच्या चौकटी पाडून हिशेब करणारी, संगणकीय प्रणाली सुरू केली. त्याआधीची जाळी बारा किलोमीटरची होती. जाळी बारीक झाली ही मोठी गोष्ट आहे, तरीही दुपारचा एकटा ढग दोन-तीन किलोमीटरचाच असतो आणि तो कोणत्या बांधावर पडेल हे चार दिवस आधी सांगणे शक्य नसते. त्याहून पुढचे पाहायचे असल्यास दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज पाहावा, परंतु त्यावर हरभऱ्याच्या पेरणीचा पंधरवडा ठरवावा, सोंगणीचा वार ठरवू नये.

शेवटच्या काही तासांसाठी उपग्रहाची चित्रे आणि रडार उपयोगी पडतात. यात एक बारकावा आहे. नागपूरच्या रडारपासून अकोला सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे इतक्या अंतरावर रडारचा झोत जमिनीपासून चार-पाच किलोमीटर उंचीवरून जातो. त्यामुळे उंच वाढलेला गडगडाटी ढग त्यात दिसतो, पण बुटक्या ढगातला हलका पाऊस निसटतो. चित्र कोरे आहे म्हणून आकाशाकडे पाहणे सोडू नये.

विजेच्या बाबतीत कसलाही हिशेब करत बसू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अॅप जवळपास वीज पडत असल्याची सूचना देते. ते नसेल तर वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि अशा वेळी सोंगणाऱ्या बायामाणसांना बाभळीखाली नव्हे, तर पक्क्या घरात न्यावे. गंजीवर ताडपत्री टाकायची राहिली असेल तर राहू द्यावी.

स्वतःची नोंद

अंदाज आपल्या शिवाराला किती लागू पडतो हे कळण्यासाठी बांधावर सरळ भिंतींचा, सपाट तळाचा एक डबा मोकळ्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरच्या पट्टीने मोजून कॅलेंडरवर लिहावी. शेजारी त्या दिवसाचा अंदाज लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, म्हणजे दहा मिलिमीटरचा साधा पाऊस एकरभर रानावर चाळीस हजार लिटर पाणी टाकून जातो. वापसा यायला, म्हणजे ओले रान कामाजोगे सुकायला, किती दिवस लागतील, हे या नोंदीवरून दुसऱ्या वर्षीपासून चांगले सांगता येते.

दवाचीही नोंद ठेवावी, कारण अंदाजात ते येत नाही. वारा पडलेला, आकाश निरभ्र आणि जमीन ओली अशी रात्र गेली की पहाटे सोयाबीनची शेंग हाताला थंड, मऊ लागते आणि दाबली तरी तडकत नाही. हीच सोंगणीची वेळ आहे. तीच शेंग दुपारी दोनला नुसत्या विळ्याच्या धक्क्याने फुटते आणि दाणे भेगांत जातात. मळणीचे याच्या उलट आहे. दुपारी दाणा दाताखाली धरला असता टचकन तुटला पाहिजे. तो दबत असेल तर मळणी यंत्र बोलावू नये, कारण बाजारात बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापला जातो. कापसाची वेचणीही दव उडाल्यावर, नऊ-दहानंतरच सुरू करावी. पहाटेचा ओला कापूस गाठोड्यात बांधला की आतून पिवळा पडतो.

एक आठवडा वाचून पाहू

समजा, शुक्रवारी हाती आलेल्या तक्त्यात तुमच्या तालुक्यासाठी असे दिसते. शनिवारी पाऊस ६ मिलिमीटर, रविवारी २, सोमवारपासून शून्य. दुपारची आर्द्रता शनिवारी ६२, रविवारी ५५, सोमवारी ४६, मंगळवारी ३९, बुधवारी ३८ आणि गुरुवारी पुन्हा ४९. किमान तापमान २३ वरून बुधवारपर्यंत १९. वारा शनिवारी २६० अंश, सोमवारपासून ४० अंश, गुरुवारी ११०. ढग ६ वरून १ आणि गुरुवारी ४.

पावसाची ओळ वाचणारा म्हणेल की सोमवारपासून मोकळीक आहे, सावकाश करू. आकडे जुळवणाऱ्याला मात्र दिसेल की कोरडी खिडकी सोमवार ते बुधवार एवढीच आहे आणि गुरुवारी पूर्वेचा वारा, ढग आणि ओल तिन्ही एकदम वाढत आहेत. अशा आठवड्यात सगळे सोयाबीन एकदम सोंगू नये. शनिवार-रविवारी पीक उभेच ठेवावे, कारण पक्व झालेले उभे पीक एक-दोन हलक्या सरी झेलते आणि आडवे पडलेले झेलत नाही. सोमवारी पहाटे दवात, पूर्ण वाळलेला तेवढाच तुकडा सोंगावा. बुधवारी दुपारी तो गोळा करून, दाणा वाजत असेल तर त्याच संध्याकाळी मळून घ्यावा. वाजत नसेल तर उंचवट्यावर गंजी घालून वरून ताडपत्री घालावी, पण खालच्या बाजूंनी हवा खेळती ठेवावी, कारण ओल्या गंजीला चहूबाजूंनी गुंडाळले की आत वाफ धरते आणि पावसाने केले नसते ते नुकसान बुरशी करते. फुटलेला कापूस मंगळवार-बुधवारी दुपारी वेचून घरात आणावा. उरलेल्या सोयाबीनचा निर्णय मंगळवारी नवा तक्ता येईपर्यंत थांबवावा. त्या वेळी गुरुवार दुसऱ्या दिवसावर आलेला असेल, आणि तो आकडा आजच्यापेक्षा बराच भरवशाचा असेल.